लिंक उघडत नाही, तेव्हा काय करावे?



आजचा धडा मोबाइलवरच्या लिंकचा आहे. लिंक उघडली नाही, की माणूस काय करतो? तीच लिंक पुन्हा दाबतो. दहा वेळा दाबतो. मग चिडतो. शेवटी फोन दिसेल त्याच्या हाती देतो आणि म्हणतो, "बघ रे बाबा, तुला जमतंय का." दाबून दाबून लिंक उघडत नाही. आणि फोन भलत्याच्या हाती दिला, तर कष्टाचा पैसा जाऊ शकतो.

मग करावे काय? आधी वाचावे. मग अडले कुठे ते शोधावे. त्यानंतरच बोट लावावे. आपल्या वर्गातल्या एका बाईंनी हे करून दाखवले. त्यांची गोष्ट ऐका.

दोन लिंका

पावसाळ्याचे दिवस होते. माळशेजकडून ढग उतरले होते. डिंगोऱ्यात सकाळपासून रिपरिप चालू होती. संध्याकाळचा वर्ग सुटला. सगळे घरी गेले. एक बाई मागे थांबल्या.

त्यांचे मालक वर्षापूर्वी वारले. थोडी जमीन आहे. ती मालकांच्या नावावर होती. वारस-नोंदीचा अर्ज त्यांनी तलाठ्यांकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे, दिला होता. नाव लागले की नाही, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे होते. नाव लागल्याशिवाय सोसायटीचे पीककर्ज मिळत नव्हते, आणि कांद्याच्या रोपाचे दिवस जवळ येत होते.

"गुरुजी, दोन लिंका हायेत," त्या म्हणाल्या. "एक बी उघडत नाय. दुपारपासनं दाबतेय."

"कोणत्या दोन, ताई?"

"एक सातबाऱ्याची. दुसरी किसानच्या हप्त्याची. ती व्हॉट्सअ‍ॅपवर आलीय."

"दाबल्यावर फोनवर काय लिहून आलं?"

"त्ये नाय वाचलं. नुसतंच दाबलं."

"मग आज तेच वाचू," मी म्हणालो. आम्ही पुन्हा बाकावर बसलो.

लिंक म्हणजे काय?

लिंक म्हणजे पत्ता. वरून आपल्याला निळे अक्षर, एखादे बटण किंवा चित्र दिसते. त्याच्या पोटात एका पानाचा पत्ता असतो. ते पान आपल्या फोनमध्ये नसते. ते दूर कुठेतरी एका मोठ्या संगणकात ठेवलेले असते. त्या संगणकाला सर्व्हर म्हणतात.

ब्राउझर म्हणजे पत्ता घेऊन जाणारा आणि पान घेऊन येणारा जासूद. बहुतेकांच्या फोनमध्ये क्रोम नावाचा ब्राउझर असतो. लाल, पिवळा, हिरवा असा गोल आणि मध्ये निळा ठिपका, हे त्याचे चित्र. सफारी आणि फायरफॉक्स हेही ब्राउझरच.

अशी एका पानाला दुसरे पान जोडण्याची रीत टिम बर्नर्स-ली या इंग्रज शास्त्रज्ञाने १९८९ साली सुचवली. तेव्हा ते युरोपातल्या जिनिव्हा शहराजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत काम करीत होते. १९९३ साली त्या संस्थेने ही रीत सगळ्या जगाला फुकट वापरायला दिली. म्हणून आज डिंगोऱ्यातल्या ओसरीवर बसून आपला सातबारा पाहता येतो.

पाणी कुठे तुंबले?

आता शेतातले उदाहरण घेऊ. आपल्या भागात पिंपळगाव जोगा धरण आहे. धरणाचे पाणी कालव्यात येते. कालव्यातून चारीत येते. चारीतून आपल्या पाटात, आणि पाटातून वाफ्यात. तुम्ही दारे धरायला गेलात आणि वाफ्यात पाणी आले नाही, तर काय करता? वाफ्यालाच फावडे मारत बसता काय? नाही. तुम्ही पाटाच्या कडेने मागे मागे चालत जाता. आधी आपले दारे पाहता. मग पाट फुटला का ते पाहता. मग चारी पाहता. तिथेही पाणी नसेल, तर समजता, की वरूनच आवर्तन सुटलेले नाही. मग घरी येऊन वाट पाहता.

लिंकचेही तसेच आहे. फोन हा आपला वाफा. ब्राउझर हे दारे. रेंज आणि डेटा हा पाट. मोबाइल कंपनीचे जाळे हा कालवा. सर्व्हर हे धरण. पान अडले, की याच क्रमाने पाहायचे. आधी जवळचे, मग दूरचे.

पहिली पायरी : नेट आहे का?

आधी दुसरे एखादे ओळखीचे पान उघडून पाहा. तेही उघडले नाही, तर त्या लिंकचा दोष नाही. नेटच नाही. क्रोममध्ये अशा वेळी एका लहानशा डायनोसॉरचे चित्र येते आणि "इंटरनेट नाही" अशा अर्थाचे शब्द येतात. ते चित्र ओळखून ठेवा.

मग पाच गोष्टी तपासा. मोबाइल डेटाचे बटण चालू आहे का? वर विमानाचे चित्र आले आहे का? ते आले असेल, तर फोनचे जाळे बंद केलेले असते. ते चित्र दाबून बंद करा. रिचार्जची मुदत संपली का? दिवसाचा डेटा संपला का? आणि शेवटी, रेंज आहे का? आपण डोंगराच्या कुशीतले लोक. घराच्या एका कोपऱ्यात रेंज असते, दुसऱ्या कोपऱ्यात नसते. वीज बराच वेळ गेली, तर टॉवरची बॅटरीही उतरते. तेव्हा ओट्यावर या, थोडे उघड्यावर या, मग पाहा.

दुसरी पायरी : फोन बंद करून चालू करा.

हा साधा उपाय आहे, पण गुणकारी आहे. पुष्कळ कामे एकदम उघडी ठेवली, की फोन गोंधळतो. बंद करून चालू केला, की तो नव्याने जाळ्याला जोडला जातो. यात काही पुसले जात नाही. भिऊ नका.

तिसरी पायरी : तारीख आणि वेळ पाहा.

यात मी स्वतः फसलो होतो. नोव्हेंबर महिन्यात निवृत्तिवेतनवाल्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. मी त्याची माहिती पाहायला बसलो. एकही सरकारी पान उघडेना. मी नेटला नावे ठेवली. मग चष्मा लावून पडद्यावरचे शब्द वाचले. तिथे लिहिले होते, की तुमचे घड्याळ पुढे आहे. नातवाने कसल्या तरी खेळात लवकर पुढे जाण्यासाठी फोनची तारीख चांगली वर्षभर पुढे ढकलली होती!

असे का होते? प्रत्येक चांगल्या साइटजवळ ओळखीचा एक दाखला असतो. त्या दाखल्याला मुदत असते. ब्राउझर फोनची तारीख पाहून तो दाखला तपासतो. फोनची तारीख चुकीची असली, की खरा दाखलाही त्याला मुदत संपलेला वाटतो, आणि तो पान अडवतो. यावर उपाय असा. सेटिंग्ज उघडा. तारीख आणि वेळ शोधा. "आपोआप" हे बटण चालू करा.

चौथी पायरी : ब्राउझर ठीक आहे का?

ब्राउझर जुना झाला, तर नवी पाने त्याला नीट उघडता येत नाहीत. प्ले स्टोअरमध्ये जाऊन क्रोमचे नाव शोधा. तिथे "अपडेट" लिहिलेले असेल, तर ते करून घ्या. फोनमध्ये जागा अगदीच संपली असेल, तर आधी नको असलेले व्हिडिओ काढा.

कधी कधी ब्राउझर मागे जपून ठेवलेले जुने पानच पुन्हा दाखवतो. तेव्हा क्रोमच्या सेटिंग्जमध्ये साठवलेल्या फाइली पुसाव्यात. त्यांना कॅशे म्हणतात. पण सांभाळा. त्याच यादीत पासवर्ड पुसण्याचीही खूण असते. ती खूण करू नका.

मेसेजमधली लिंक दाबूनही ब्राउझरच उघडत नसेल, तर पोराबाळांनी क्रोम बंद करून ठेवला आहे का, ते पाहा. सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्स, आणि त्यात "डीफॉल्ट अ‍ॅप्स" असे असते. डीफॉल्ट म्हणजे नेहमीसाठी नेमलेले. तिथे ब्राउझर म्हणून क्रोम नेमून द्या.

पाचवी पायरी : दोष पलीकडचा आहे का?

बाकी सगळी पाने उघडतात आणि एकच उघडत नाही, तर दोष पलीकडे असू शकतो. पडद्यावर ४०४ असा आकडा आला, तर समजावे, की त्या पत्त्यावर ते पान नाही. पत्ता चुकला किंवा पान हलवले. ५०० किंवा ५०३ आला, तर सर्व्हर अडला आहे किंवा त्याच्यावर फार गर्दी आहे. शेवटच्या तारखेला सगळ्या तालुक्यांतले लोक एकदम त्याच साइटवर जातात. तेव्हा पहाटे किंवा रात्री उशिरा पाहावे. आणि मुळात शेवटच्या तारखेपर्यंत थांबूच नये.

मोठमोठ्यांचीही धरणे अडतात. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी रात्री नऊच्या सुमारास व्हॉट्सअ‍ॅप आणि फेसबुक जगभर बंद पडले. सुमारे सहा तास बंद होते. कंपनीच्या स्वतःच्याच जाळ्यात चुकीचा बदल झाला होता. त्या रात्री कितीतरी लोकांनी आपला फोन बिघडला असे समजून त्यात नाही ती खटपट केली. फोन मात्र धडधाकट होता. म्हणून आधी शेजाऱ्याला विचारा, "तुमच्याकडे चालू आहे का?" त्याचेही बंद असेल, तर स्वस्थ बसा.

सातबाऱ्याची लिंक

आता आपल्या बाईंकडे वळू. आम्ही क्रमाने पाहत गेलो. दुसरे पान उघडले. म्हणजे नेट होते. घड्याळ बरोबर होते. क्रोम नवा होता. महाभूलेखची साइटही उघडत होती. त्यावर पुणे विभाग, मग जिल्हा पुणे, तालुका जुन्नर, मग गाव, मग गट नंबर असे सगळे त्यांनी स्वतः निवडले. फोन नंबर भरला. चित्रातली वेडीवाकडी अक्षरे भरली. मग बटण दाबले. काही झाले नाही. त्या पुन्हा दाबायला निघाल्या.

"थांबा ताई," मी म्हणालो. "पडद्यावर खाली काही आलं का?"

खाली एक बारीक पट्टी आली होती. वर्गात आम्ही सगळ्यांच्या फोनची भाषा मराठी करून ठेवली आहे. त्या बोट ठेवून वाचू लागल्या.

"पॉ... पॉप... पॉप-अप... ब्लॉक... केला."

"ब्लॉक म्हणजे अडवला. पॉप-अप म्हणजे नवी खिडकी. उतारा नव्या खिडकीत उघडतो आहे, आणि ब्राउझरने ती खिडकी अडवली आहे."

"का म्हून अडवली?"

"जाहिरातवाले अशाच खिडक्या उघडून लोकांना सतावतात. म्हणून तो सगळ्याच अडवतो. ही साइट सरकारी आहे, आपण नीट पत्ता पाहून आलो आहोत. मग हिला परवानगी द्यायला हरकत नाही. शेजारी काय लिहिलंय?"

"नेहमी दाखवा."

त्यांनी ते दाबले. पुन्हा बटण दाबले. उतारा उघडला.

मालकांच्या नावाला कंस पडला होता. खाली वारसांची नावे होती. पहिले नाव बाईंचे होते, त्याखाली दोन मुलांची. शेजारी फेरफाराचा नंबर होता. बाईंनी आपले नाव एकदा वाचले. मग पुन्हा एकदा वाचले. दुपारपासून त्या पट्टीवर हेच उत्तर लिहून येत होते. वाचायचे तेवढे राहिले होते.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. महाभूलेखवर फुकट दिसणारा सातबारा केवळ पाहण्यासाठी असतो. कर्जाला किंवा कोर्टाला तो चालत नाही. त्यासाठी डिजिटल सहीचा सातबारा घ्यावा. तो सरकारी साइटवर १५ रुपयांना मिळतो.

जी लिंक उघडली नाही ते बरे झाले

"आता ती किसानची बी उघडून द्या," बाई म्हणाल्या.

आम्ही तो मेसेज वाचला. नंबर अनोळखी होता. "तुमचा हप्ता बंद होणार आहे. आजच फाइल उघडा," असे लिहिले होते. फाइलच्या नावाच्या शेवटी तीन इंग्रजी अक्षरे होती : ए, पी, के.

"ही दाबल्यावर काय झालं, ताई?"

"फोननं कायतरी इचारलं. अनोळखी अ‍ॅप का काय. मला समजलं नाय, म्हून रद्द केलं."

"हे फार चांगलं केलंत. ही अडलेली लिंक मोकळी करायची नाही. ती पुसून टाकायची."

याचे कारण समजून घ्या. किसान सन्मान निधीची योजना २०१९ साली सुरू झाली. वर्षाला ६००० रुपये मिळतात. २००० रुपयांचा एक, असे तीन हप्ते थेट बँकेच्या खात्यात जमा होतात. त्यासाठी व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली कोणतीही फाइल उघडावी लागत नाही. ए-पी-के फाइल म्हणजे फोनमध्ये नवे अ‍ॅप बसवण्याची फाइल. चोरट्याचे अ‍ॅप एकदा आत बसले आणि त्याला परवानग्या मिळाल्या, की ते तुमचे मेसेज वाचू शकते. बँकेचा ओटीपीही वाचू शकते. मग खाते रिकामे होते. किसानच्या हप्त्याचे, गाडीच्या दंडाचे, वीजबिलाचे नाव सांगून असे मेसेज पाठवले जातात.

म्हणजे अडलेल्या लिंका दोन तऱ्हेच्या. एक खरी लिंक, जी काही अडचणीने अडली आहे. तिची अडचण दूर करावी. दुसरी खोटी लिंक, जी फोनने तुमच्या रक्षणासाठी अडवली आहे. तिला वाट देऊ नये.

खरी कोणती आणि खोटी कोणती, हे कसे ओळखावे? पत्ता पाहून. पत्त्याच्या आरंभी दोन तिरप्या रेघा असतील, तर त्या सोडून द्या. त्यानंतर एक एकटी तिरपी रेघ येते. त्या रेघेच्या अगदी आधी काय लिहिले आहे, ते पाहा. सरकारी पत्ता असेल, तर तिथे बहुधा जी, ओ, व्ही, टिंब, आय, एन ही अक्षरे असतात. सातबाऱ्याचा पत्ता 'भूलेख डॉट महाभूमी डॉट जीओव्ही डॉट इन' असा आहे. किसान योजनेचा 'पीएमकिसान डॉट जीओव्ही डॉट इन' असा आहे. पत्त्याच्या मध्येच कुठेतरी जीओव्ही आहे आणि शेवटी भलतेच काही आहे, तर तो पत्ता खोटा समजावा. तुम्हाला इंग्रजी अक्षरे येत नसतील, तर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून ही पाच अक्षरे एका कागदावर मोठी लिहून घ्या. कागद भिंतीला लावा. रोज पाहिले, की आठ दिवसांत ओळख होते.

आणि चुकून पैसे गेलेच, तर लाजून घरी बसू नका. लगेच १९३० या नंबरवर फोन करा. हा सरकारचा मदतीचा नंबर आहे. बँकेलाही कळवा. जितकी घाई कराल, तितकी पैसे अडवले जाण्याची आशा जास्त.

कोणाला विचारावे?

सगळे करूनही लिंक उघडली नाही, तर विचारायला कमीपणा वाटू देऊ नका. ग्रामपंचायतीत विचारा. महा ई-सेवा केंद्रात विचारा. पण फोन आपल्या हातात ठेवून विचारा. समोरच्याने सांगावे, आपण दाबावे. ओटीपी आणि पिन कोणालाही सांगू नये. गुरुजींनाही नाही.

त्या बाई दुसऱ्या दिवशी वर्गाला आल्या. शेजारच्या दोघीजणींना बरोबर घेऊन आल्या. त्यांच्याही फोनची भाषा मराठी करून हवी होती. ती बाईंनीच करून दिली.

ध्यानात ठेवा

१. लिंक उघडली नाही, तर पुन्हा पुन्हा दाबू नका. पडद्यावरचे शब्द वाचा.
२. दुसरे पान उघडून पाहा. नेट, डेटा, रिचार्ज, रेंज तपासा.
३. फोन बंद करून चालू करा.
४. तारीख आणि वेळ "आपोआप" ठेवा.
५. ब्राउझर अपडेट करा. नवी खिडकी अडवली आहे का, ते पाहा.
६. शेजाऱ्याचेही बंद असेल, तर थोडे थांबा.
७. अनोळखी नंबरची लिंक आणि ए-पी-के फाइल उघडू नका. पुसून टाका.

प्रश्न

१. ब्राउझरला जासूद का म्हटले आहे?
२. वाफ्यात पाणी आले नाही, तर आपण कोणत्या क्रमाने पाहतो? लिंकचा क्रम कसा?
३. फोनची तारीख चुकली, तर पान का उघडत नाही?
४. बाईंना सातबारा का दिसत नव्हता? त्यांनी काय केले?
५. दुसरी लिंक का उघडू नये?

घरी करा

आपल्या फोनची भाषा मराठी करून घ्या. मोबाइल डेटा बंद करा आणि एखादे पान उघडून पाहा. काय शब्द येतात, ते वहीत लिहा. डेटा पुन्हा चालू करा. उद्या वही वर्गात घेऊन या.